मालक नाही, नोकरी नाही. मग युनियन कसली?

प्रश्न : मी एसटी महामंडळातून निवृत्त झालो. नोकरीत असताना युनियनचं काम जवळून पाहिलं. वर्गणी, मान्यता, संप, वाटाघाटी, सगळं. माझा भाचा इंग्लंडमध्ये रेडिंगला असतो. संगणकाचं काम करतो, पण नोकरी अशी नाही. सहा महिने या कंपनीत, वर्षभर त्या बँकेत, असं कंत्राटावर चालतं. परवा फोनवर म्हणाला, "मामा, आमच्या असोसिएशनच्या कार्यकारिणीसाठी उभा राहा म्हणून सगळे मागे लागलेत." मला गंमत वाटली. ज्यांना मालकच नाही ते संघटना कुणाविरुद्ध काढतात? तिचा कारभार कोण बघतं? आणि त्याने उभं राहावं का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ज्यांना मालक नसतो त्यांचं भांडण बहुधा सरकारशी असतं, आणि तेही करावरून. भाच्याच्या संघटनेचं नाव तुम्ही कळवलेलं नाही. पण ब्रिटनमधल्या अशा कंत्राटदारांची सर्वांत गाजलेली संघटना तर एका सरकारी पत्रकातूनच जन्माला आली, म्हणून तिच्याच आधाराने सांगतो.

९ मार्च १९९९ रोजी अर्थमंत्री गॉर्डन ब्राऊन यांनी अर्थसंकल्प मांडला. त्या दिवशी तिथल्या कर खात्याने जी पत्रकं काढली, त्यांतल्या एकाचा क्रमांक होता आयआर ३५. विषय साधा होता. तुमच्या भाच्यासारखी माणसं स्वतःच्या नावाने एक छोटी लिमिटेड कंपनी काढतात. बँक पैसे देते ते या कंपनीला. कंपनीचा मालक, संचालक आणि बहुतेक वेळा एकुलता एक कामगार, हे सगळं एकच माणूस. तो थोडा पगार घेतो, उरलेलं लाभांश म्हणून काढतो, आणि पगारावर जो राष्ट्रीय विम्याचा हप्ता बसतो तो लाभांशावर बसत नाही. सरकारचं म्हणणं, की हा माणूस रोज नऊला त्याच टेबलावर येऊन बसतो, साहेब सांगेल ते करतो. मधली कंपनी बाजूला काढली तर हा सरळ सरळ नोकर आहे, तेव्हा त्याने कर नोकरासारखाच भरावा. कंत्राटदारांचं म्हणणं, की नोकराला भरपगारी रजा असते, आजारपणात पगार असतो, पेन्शन असतं. आम्हाला यातलं काहीच नाही, मग कर तेवढा नोकराचा का?

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. खरं सांगायचं तर सरकारच्या बाजूत जरा जास्तच आहे असं मला वाटतं. पण ते राहू द्या.

दोनच महिन्यांत, मे १९९९ मध्ये, प्रोफेशनल कॉन्ट्रॅक्टर्स ग्रुप उभा राहिला. लोक त्याला पीसीजी म्हणत. संगणकवाल्यांचीच जमात, त्यामुळे सगळी जमवाजमव इंटरनेटवर झाली. एकमेकांची तोंडंही न पाहिलेल्या माणसांनी पदरचे पैसे घालून ही संघटना काढली. त्या पत्रकातला कायदा एप्रिल २००० पासून लागू झाला, तेव्हा पीसीजी कोर्टात गेली. एप्रिल २००१ मध्ये न्यायमूर्ती बर्टन यांनी निकाल विरोधात दिला. अपिलातही, त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये, हार झाली. म्हणजे ज्या एका कामासाठी संघटना जन्मली ते काम अडीच वर्षांत फसलं होतं.

तुमच्या अनुभवात अशी युनियन त्यानंतर किती दिवस टिकली असती? ही टिकली. आज तीच इप्से या नावाने चालते आणि पंचवीस वर्षांची होऊन गेली आहे. ती कशी टिकली, यातच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे.

आधी तिचं कायद्यातलं रूप बघू. ती ट्रेड युनियन नाही. ब्रिटनमध्ये युनियनच्या कारभाराला कडक कायदा आहे : सरचिटणीस आणि मुख्य कार्यकारिणी यांची दर पाच वर्षांच्या आत सभासदांच्या गुप्त मतदानाने निवड झालीच पाहिजे. चित्रपट आणि टीव्हीतल्या मुक्त कामगारांची बेक्टू ही संघटना या कायद्याखाली येते. २०१७ मध्ये ती प्रॉस्पेक्ट या मोठ्या युनियनमध्ये विलीन झाली. पीसीजीने निराळी वाट धरली. ती 'हमीने मर्यादित' कंपनी झाली. या प्रकारच्या कंपनीत शेअर नसतात, भागधारक नसतात. कंपनी बुडालीच तर मी अमुक रक्कम देईन, अशी हमी प्रत्येक सभासद देतो, आणि ती रक्कम बहुधा एक पौंड असते. नफाही सहसा वाटला जात नाही. आपल्याकडे कलम ८ ची कंपनी असते तिच्या जवळपास जाणारा हा प्रकार.

आता मेख अशी, की कंपनी झाली म्हणजे कारभाराचे नियम युनियनच्या कायद्यातून येत नाहीत, ते कंपनीच्या घटनेतून येतात. आणि घटना लिहितात संस्थापक. २००६ च्या ब्रिटिश कंपनी कायद्याप्रमाणे खासगी कंपनीला वार्षिक सर्वसाधारण सभा घेण्याचीही सक्ती नाही. घटनेत लिहिलं असेल तर घ्यायची. आपल्याकडच्या माणसाला हे ऐकून धक्काच बसेल. सभासदांच्या हातात तरी काय राहतं? बरंच राहतं, पण ते मागून घ्यावं लागतं. पाच टक्के मतांचे सभासद एकत्र आले तर संचालकांना सभा बोलवावीच लागते. साध्या बहुमताने कुठल्याही संचालकाला मुदतीआधी घरी पाठवता येतं. फक्त अठ्ठावीस दिवसांची विशेष नोटीस द्यायची आणि त्याचं म्हणणं ऐकून घ्यायचं. घटना बदलायची तर पंच्याहत्तर टक्के मतं लागतात.

कागदावर हे ठीकच आहे. पण खरी अडचण कागदावरची नाही.

एसटीत तुम्ही सगळे एका डेपोत होतात. कँटीनमध्ये भेटत होतात, अध्यक्ष चुकला तर त्याला तिथल्या तिथे ऐकवत होतात. कंत्राटदाराला डेपो नाही. त्याच्या संघटनेतला दुसरा सभासद दोनशे मैलांवर, कधी न पाहिलेला, आणि पुढच्या कंत्राटासाठी कदाचित त्याचाच स्पर्धक. शिवाय तो सभासद झाला कशासाठी? पीसीजीने वर्गणीबरोबर एक सोय दिली : कर खात्याने चौकशी लावली तर वकील आणि कर सल्लागार यांचा खर्च देणारा विमा. ही सोय फार उपयोगी होती. एकट्या माणसाला कर खात्याच्या पत्राने झोप येत नाही. पत्र आलं की अमुक नंबरला फोन करायचा एवढं माहीत असलं तरी त्याचं काळीज जागेवर राहतं. वर्गणी येत राहिली, सभासद टिकले. कोर्टात हरूनही संघटना का जगली, याचं माझ्या मते सर्वांत मोठं कारण हेच.

पण याची किंमतही मोजावी लागते. विमा मिळतो म्हणून आलेला माणूस मनाने ग्राहक असतो. ग्राहक सेवा आवडली नाही तर पुढच्या वर्षी वर्गणी भरत नाही. तो सभेला येऊन भांडत नाही, मतही देत नाही. आपल्या गृहनिर्माण सोसायटीत सेक्रेटरी व्हायला कुणी तयार नसतं, आणि तरी तक्रार सगळ्यांची असते, तसंच हे. फरक एवढाच, की इथे तक्रार करायलाही कुणी येत नाही. म्हणून अशा संघटनांना हुकूमशहा अध्यक्षाची भीती कमी आणि बिनविरोध अध्यक्षाची जास्त. पाच जागांना चार अर्ज आले, की निवडणूक संपली.

अर्ज येत नाहीत याचं कारण आळस नव्हे. नोकरदार युनियन पुढाऱ्याला मान्यता असेल तर कामाच्या वेळात संघटनेचं काम करायची मुभा मिळते. कंत्राटदाराची कमाई दिवसाच्या दराने. मंगळवारी तो अर्थखात्याच्या अधिकाऱ्याला भेटायला लंडनला गेला तर त्या मंगळवारचे पैसे गेले. वर तो वर्तमानपत्रात सरकारवर टीका करतो म्हणून एखादी बँक पुढचं कंत्राट देताना दोनदा विचार करते, हे निराळंच. सरकारशी भांडायला पुढे व्हायचं, आणि ज्या बड्या ग्राहकांकडून काम हवं त्यांच्या डोळ्यांत यायचं, असं दुहेरी नुकसान. मग पुढे येतात ते कोण? ज्यांना हे नुकसान परवडतं ते, किंवा ज्यांना त्यातून काही मिळतं ते. परवडणारे म्हणजे निवृत्तीला आलेले, भरपूर कमावून बसलेले. मिळणारे म्हणजे कंत्राटदारांचे हिशेब लिहिणाऱ्या फर्मचे मालक, त्यांना विमा विकणारे, त्यांना कामं मिळवून देणाऱ्या एजन्सीचे लोक. ही माणसं वाईट नसतात. कायद्याची कलमं त्यांनाच तोंडपाठ असतात, वेळ तेच देतात, आणि हळूहळू असं होतं की संघटना 'करविषयक सल्ला घ्या' म्हणते तेव्हा तो सल्ला कुणाकडून घ्यायचा हेही टेबलाच्या एका बाजूने ठरायला लागतं. भाच्याने सगळ्यात आधी हे तपासावं : संचालकांच्या हितसंबंधांची नोंदवही आहे का, ती सभासदाला पाहता येते का, आणि जो विषय स्वतःच्या धंद्याशी संबंधित आहे तो निघाला की तो संचालक खोलीबाहेर जातो का. नुसतं मत न देणं पुरेसं नाही. खोलीत बसलेला माणूस मत न देताही पुष्कळ काही करतो.

पगारी माणसं नेमणं हा यावरचा नेहमीचा उपाय. मुख्याधिकारी, धोरण बघणारे, पत्रकारांशी बोलणारे. आणि वर काम करणाऱ्या कंत्राटदारांचं मंडळ. उपाय चांगला आहे, पण त्यात एक खोच आहे. पगारी मुख्याधिकारी स्वतः कंत्राटदार नसतो, म्हणजे महिन्याच्या महिन्याला पगार घेऊन तो बिनपगारी जगण्याची बाजू मांडतो. त्याला काढायचं तर मंडळातल्या कुणाला तरी वेळ काढावा लागतो, आणि वेळ तर कुणाकडेच नाही. मंडळ दर तिमाहीला भेटतं, अधिकारी रोज तिथे असतो. दोन वर्षांनी बदलणाऱ्या अध्यक्षाला तोच सगळं समजावून सांगतो. मग खरा धनी कोण, हे सांगायची गरज नाही. जुन्या ब्रिटिश कंपन्यांच्या नमुना-घटनेत दर वर्षी एक तृतीयांश संचालकांनी पायउतार व्हायची तरतूद असे. ही रीत मला फार शहाणपणाची वाटते, कारण एकदम सगळे नवे आले की कारभार अधिकाऱ्याच्या खिशात जातो, आणि कुणीच गेलं नाही तर संस्थापकांच्या.

आता सर्वांत अवघड भाग : सभासद कोण?

२०१४ मध्ये पीसीजीने नाव बदललं. नव्या नावाचा, इप्सेचा, अर्थच 'स्वतंत्र व्यावसायिक आणि स्वयंरोजगारी' असा. म्हणजे संगणक कंत्राटदारांबरोबर छायाचित्रकार, अनुवादक, शिकवण्या घेणारे, सगळ्यांना दार उघडं. कारण उघड होतं. सरकारदरबारी हजारांना जे ऐकू येत नाही ते लाखांच्या नावाने बोललं की ऐकू येतं. आणि मग आला करोना. २६ मार्च २०२० रोजी तेव्हाचे अर्थमंत्री ऋषी सुनक यांनी स्वयंरोजगारींसाठी मदत जाहीर केली : सरासरी नफ्याच्या ८० टक्के, महिन्याला जास्तीत जास्त अडीच हजार पौंड. संघटनेसाठी हा मोठाच विजय. पण स्वतःच्या लिमिटेड कंपनीचे संचालक त्यात बसत नव्हते. म्हणजे एकट्याच्या नावाने धंदा करणाऱ्या छायाचित्रकाराला मदत मिळाली, आणि ज्यांनी १९९९ मध्ये ही संघटना उभी केली त्या जातकुळीच्या कंत्राटदाराला लाभांशावर एक पौंडही मिळाला नाही. अशा वेळी अध्यक्षाने काय म्हणायचं? सरकारचे आभार मानले तर जुने सभासद चिडतात, नाही मानले तर नवे. छत्री मोठी केली की तिच्याखालच्या लोकांचं हित एकच राहत नाही, ही गोष्ट नाव बदलण्याच्या ठरावात कुणी लिहून ठेवत नाही.

दुसरा प्रसंग तर नाटकात शोभावा असा. मधल्या काळात सरकारने तो आयआर ३५ चा कायदा आणखी आवळला होता. हा माणूस नोकर की कंत्राटदार, हे आधी तो स्वतः ठरवत असे. २०१७ पासून सरकारी कामांत आणि २०२१ पासून खासगी क्षेत्रातल्या मध्यम व मोठ्या कंपन्यांत ते ठरवण्याची जबाबदारी काम देणाऱ्यावर टाकली. कंपन्या घाबरल्या, नसती भानगड नको म्हणून अनेकांनी सरसकट 'नोकरच' असा शिक्का मारला किंवा कंत्राटंच बंद केली. मग २३ सप्टेंबर २०२२ रोजी अर्थमंत्री क्वासी क्वार्टेंग यांनी हे दोन्ही बदल रद्द करणार असल्याची घोषणा केली. कंत्राटदारांच्या गोटात दिवाळी. १७ ऑक्टोबरला नवे अर्थमंत्री जेरेमी हंट यांनी ती घोषणाच रद्द केली. दिवाळी पुरते चार आठवडेही टिकली नाही. या काळात संघटनेच्या अध्यक्षाच्या खुर्चीत बसायचं म्हणजे काय, याचा भाच्याने विचार करावा.

हार-जीत अशी चालूच असते. २००७ मध्ये मात्र एक निर्भेळ विजय मिळाला. जोन्स नावाचं दांपत्य. नवरा संगणक सल्लागार, बायको कंपनीची कागदपत्रं सांभाळणारी, दोघांचा एकेक शेअर. बायकोला मिळालेला लाभांश नवऱ्याचाच समजून कर लावू, असं कर खातं म्हणालं. पीसीजीने पाठबळ दिलं आणि हाउस ऑफ लॉर्ड्सने दांपत्याच्या बाजूने निकाल दिला. घरच्या दोघांनी मिळून छोटा धंदा चालवणाऱ्या असंख्य कुटुंबांना त्याचा फायदा झाला, आणि त्यांतल्या बहुतेकांनी पीसीजीची वर्गणी कधी भरली नसेल. संघटना जिंकते तेव्हा फळ सगळ्यांना मिळतं. म्हणूनच वर्गणीच्या बदल्यात विम्यासारखं काहीतरी फक्त सभासदांना द्यावं लागतं.

"संघटना कुणाविरुद्ध?" या तुमच्या प्रश्नाची एक बाजू अजून राहिली. तुम्ही म्हणाल, सरकार सोडा, बँकांनी दिवसाला अमुक पौंडांखाली काम देऊ नये, असं सगळ्यांनी मिळून का ठरवत नाहीत? तुमच्या युनियनने तेच केलं असतं. कंत्राटदारांना ते करता येत नाही, कारण कायद्याच्या नजरेत त्यांतला प्रत्येक जण एक स्वतंत्र धंदा आहे आणि धंदेवाल्यांनी मिळून भाव ठरवणं हा स्पर्धा कायद्याखाली गुन्ह्यासारखाच प्रकार. युरोपीय न्यायालयापुढे २०१४ मध्ये हॉलंडच्या वाद्यवृंदांत बदली वादक म्हणून जाणाऱ्या कलाकारांच्या दराचा असा खटला आला होता. खरोखर स्वतंत्र असाल तर दराचा सामूहिक करार चालणार नाही, नावापुरते स्वतंत्र आणि प्रत्यक्षात नोकरासारखे असाल तर चालेल, असा त्याचा मथितार्थ. आयर्लंडने २०१७ मध्ये कायदा बदलून आवाज देणारे कलाकार, स्टुडिओतले वादक आणि मुक्त पत्रकार यांना सूट दिली. आणि मुंबईची गोष्ट तर घरचीच : २०१७ मध्येच आपल्या स्पर्धा आयोगाने चित्रपट कामगारांच्या संघटनांची 'फक्त सभासदांनाच काम द्या' ही अट स्पर्धेला मारक ठरवली, दंड केला नाही, पण ती प्रथा बंद करा म्हणून बजावलं. तेव्हा सभेत दराची चर्चा सुरू झाली की ती थांबवणं हेही अध्यक्षाचंच काम. ज्या विषयावर सगळ्यांना बोलायचं असतं नेमका तोच विषय त्याने बंद करायचा.

भाच्याला ठाऊक नसेल तर एक गोष्ट जरूर सांगा. भारतीय सॉफ्टवेअर कंपन्या आपली माणसं कंपनीअंतर्गत बदलीच्या व्हिसावर ब्रिटनला पाठवत, त्यावर पीसीजीने एके काळी बराच आवाज उठवला होता. आमची कामं स्वस्तात जातात, हे त्यांचं म्हणणं. आज त्याच मुलखात भारतीय वंशाचे कंत्राटदार पुष्कळ आहेत, तेही असल्या संघटनांत वर्गणी भरतात, आणि उद्या व्हिसाचा विषय परत निघाला तर टेबलाच्या कुठल्या बाजूला बसायचं हे त्यांनाच ठरवावं लागेल.

आता, उभं राहावं का? माझं मत : राहावं, पण अध्यक्षपदासाठी नव्हे, खजिनदारपदाची किंवा हिशेब बघणाऱ्या समितीतली जागा असेल तर तिथे. अर्ज भरण्याआधी गेल्या तीन वर्षांचे ताळेबंद मागून घ्यावेत आणि दोन आकडे शोधावेत : उत्पन्नात वर्गणी किती आणि विमा-जाहिराती-प्रायोजक यांचे पैसे किती. दुसरा आकडा पहिल्याच्या वर गेला असेल तर संघटनेचे धनी कोण ते आपोआप कळतं. मागच्या निवडणुकीत किती जागांना प्रत्यक्ष मतदान झालं आणि किती बिनविरोध गेल्या, हेही विचारावं. मुदत किती, आणि सलग किती वेळा उभं राहता येतं, ते घटनेत पाहावं. बैठकांचा प्रवासखर्च आणि बुडालेल्या दिवसाची काही भरपाई मिळते का, हे विचारायला त्याने मुळीच लाजू नये. भरपाई नसेल तर ती द्यावी असा ठराव त्याने पहिल्याच सभेत मांडावा. नाहीतर तिथे पुढेही फक्त पैसेवालेच उभे राहतील. आणि हो, तो सध्या ज्या बँकेत कंत्राटावर आहे तिथल्या कराराची प्रत एकदा नीट वाचायला सांगा. बाहेर संस्थांवर पद घेण्याआधी ग्राहकाला कळवायचं, असं कलम अशा करारांत कधीकधी असतं.